मांजर ट्रेबाहेर शू करतंय? आधी डाग बघा

मी अमळनेरला घरीच शिवणकाम करते. कापडाच्या घरात उंदीर परवडत नाही म्हणून मांजरं पाळली: बंड्या नावाचा बोका, चिमी, आणि आता म्हातारी झालेली काळी. मांजर आलं की उंदीर जातात हे खरं, पण गिऱ्हाइकाच्या अस्तराच्या ढिगावर एखाद्या दिवशी शूचं तळं सापडतं हेही खरं. फॉल-पिकोला साड्या टाकायला येणाऱ्या बायका आता जाता जाता विचारतात, "ताई, आमचं मांजर गादीवर मुतायला लागलंय, काय करू?" माझ्या सासूबाई आतूनच निकाल देऊन मोकळ्या होतात, "मुद्दाम करस हाई!"

सासूबाईंशी मी वाद घालत नाही, पण तुम्हाला सांगते, मांजराला खुन्नस काढायची असती तर त्यासाठी त्याच्याकडे नखं आहेत. शू भलत्या जागी होते तेव्हा त्याला कुठंतरी दुखत असतं, नाहीतर आपण दिलेली जागा पटलेली नसते, किंवा घरात काहीतरी बदललेलं असतं. डाग कुठं पडला, केवढा आणि कुठल्या वेळी, एवढं नीट बघितलं तरी पुष्कळ उलगडा होतो.

घरात बोका असेल तर मात्र बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे वाचा. बोका सारखा ट्रेमध्ये, म्हणजे त्याच्या शू-शीच्या वाळूच्या भांड्यात, जातोय, पाठ वाकवून जोर लावतोय, एखादाच थेंब येतोय किंवा तोही नाही, शू लालसर दिसतेय, ओरडतोय, खालची जागा चाटत बसतोय, असं असेल तर लघवी तुंबल्याचंच धरून चाला. बोक्याची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते. तिच्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकतो. पूर्ण तुंबलं की 24 ते 48 तासांत जिवावर बेततं: किडन्या काम सोडतात, रक्तात पोटॅशियम साचतं आणि हृदय बंद पडू शकतं. बोका जोर लावताना दिसला की घरच्यांना वाटतं शी होत नाहीये, आणि त्याला एरंडेल पाजतात. त्यात अर्धा दिवस जातो. उलट्या सुरू झाल्या, खाणं सुटलं, बोका मलूल पडला की हातात फार वेळ उरलेला नसतो. रात्रीचे अकरा वाजले असले तरी सकाळची वाट बघू नका.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचं काम गाई-म्हशींचं, बैलांचं, शेळ्यांचं. डॉक्टर मदत करतात, पण तुंबलेली लघवी काढायची बोक्याच्या मापाची बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, तिथं असेलच असं नाही. म्हणून धुळ्याला, जळगावला, जिथं नेणार तिथं आधी फोन करून विचारा, "बोक्याची लघवी तुंबलीय, कॅथेटर घालता का?" असा नंबर मांजर धडधाकट असतानाच शोधून ठेवायचा असतो. माझ्या मापांच्या वहीच्या पहिल्या पानावर कुणाच्याही छातीच्या-कमरेच्या मापाआधी तोच लिहिलेला आहे.

आणि घरचं औषध देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनं मांजर मरू शकतं. माणसाला लघवीची जळजळ झाली की जे सिरप देतात तेही नको. त्यानं लघवीतलं आम्ल कमी होतं, आणि मांजरांत नेहमी सापडणारे स्ट्रुव्हाइटचे खडे नेमके तसल्याच लघवीत बनतात.

आता डागांकडे येऊ.

डाग उभा असेल, म्हणजे भिंतीवर, पडद्यावर, मशीनच्या पायावर, जमिनीपासून वीतभर वर, आणि शू थोडीच पण वास नाक जाळणारा, तर ती शू नव्हे, फवारा आहे. मांजर उभं राहतं, शेपटी ताठ करतं, शेपटीचं टोक थरथरतं आणि मागं पिचकारी जाते. ही हद्दीची खूण. बोके जास्त मारतात, माजावर आलेल्या मांजरीही मारतात. यावर नसबंदी हाच मुख्य उपाय. दहातल्या साधारण नऊ बोक्यांचं फवारणं त्यानंतर थांबतं किंवा फार कमी होतं, पण दुसऱ्या दिवशी नाही, थोडे आठवडे जाऊ द्यावे लागतात. पाच-सहा महिन्यांचा असतानाच करून घेतली तर ही सवय सहसा लागत नाही. नसबंदी होऊनही बोका खिडकीखालीच फवारत असेल तर बाहेर बघा, गल्लीतला एखादा दांडगा बोका तिथं येऊन बसत असणार. मी खिडकीच्या खालच्या काचांना कागद चिकटवला. बाहेरचा दिसेनासा झाला आणि बंड्याचं तिथलं काम थांबलं.

थेंब थेंब, ठिकठिकाणी, त्यातही मोरीच्या थंड फरशीवर किंवा बेसिनमध्ये असेल तर मूत्राशयाला सूज असण्याची शक्यता जास्त. तरुण मांजरांत या सुजेमागं बहुतेक वेळा जंतू नसतातच. मनावरचा ताण हे त्यातलं मोठं कारण, त्यामुळे दर वेळी अँटिबायोटिक मागू नका. दहा वर्षांपुढच्या मांजरात मात्र जंतुसंसर्ग, किडनीचा आजार, मधुमेह हे सगळं तपासावं लागतं. म्हातारं मांजर भरपूर पाणी पितंय आणि ट्रेशेजारी मोठमोठी तळी करतंय, तर रक्ताची आणि लघवीची तपासणी करून घ्याच.

लघवीचा नमुना घ्यायची युक्ती सांगते. ट्रे साबणानं धुऊन कोरडा करायचा आणि त्यात वाळूऐवजी धुतलेले प्लॅस्टिकचे मणी पसरायचे. माझ्याकडे ब्लाउजच्या लटकनचे असतात, तुम्ही फिशटँकचे खडे घेऊ शकता. मांजर उकरतं, बसतं, आणि शू मण्यांत न शोषता खाली साचते. ट्रे कलता करायचा, बिनसुईच्या सिरिंजनं ओढून स्वच्छ डबीत भरायची आणि लगेच पोचवायची. फार वेळ ठेवली, फ्रिजमध्ये घातली, तर नसलेले स्फटिकही तयार होतात आणि रिपोर्ट चकवतो.

सगळ्यात जास्त घरांत भानगड असते ती ट्रेची, आणि इथं मी जरा लांबण लावणार आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजर टेपनं मोजा आणि त्याच्या दीडपट लांब ट्रे घ्या. बंड्या अठरा इंच भरतो, म्हणजे ट्रे सत्तावीस इंच. दुकानात मिळणारे गुलाबी ट्रे याच्या आसपासही नसतात. मांजर आत उभं राहतं, पुढचे पाय वाळूत, बूड बाहेर, आणि शू ट्रेच्या काठावरून फरशीवर. त्याच्या मते ते ट्रेमध्येच गेलेलं असतं! मी कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा बॉक्स घेतला, तापवलेल्या सुरीनं पुढची भिंत जमिनीपासून तीन इंच ठेवून कापली आणि कडा घासून गुळगुळीत केली. खालची उंबरठ्याएवढी भिंत काळीसाठी. तिचे सांधे दुखतात, उंच काठ ओलांडायचा म्हटलं की ती बाहेरच बसते. झाकणाचा ट्रे आपल्याला बरा दिसतो, पण आत वास कोंडतो आणि मांजराला पळायला एकच दार उरतं.

ट्रे किती? मांजरं जितकी, त्यापेक्षा एक जास्त. हे ऐकून बायका हसतात, पण शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे मांजराच्या हिशेबात एकच असतात. आमच्याकडे चिमी बोळात आडवी पडून राहायची आणि काळीची मागच्या ट्रेकडे जायची वाट अडायची. दिसायला भांडण नाही, आवाज नाही, फक्त काळीची शू अस्तरावर. एक ट्रे पुढच्या खोलीत आणला तेवढ्यावर भागलं.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. पुण्या-मुंबईचे सल्ले ट्रे गॅलरीत ठेवा म्हणतात. इथं मे महिन्यात 45 अंशाला गच्चीची फरशी आणि पत्र्याची शेड दुपारी पाय ठेवू देत नाही. मांजर सकाळ-संध्याकाळ ट्रेमध्ये जातं आणि दुपारीच घरात करतं, असं असेल तर पाय भाजणं हेच कारण. कूलरच्या मागं ठेवलेल्या ट्रेचंही तेच, पंख्याची घरघर आणि अंगावर उडणारं पाणी कुणाला आवडेल? माझ्या एका गिऱ्हाइकाचं मांजर नळ यायच्या दिवशीच बाहेर करायचं. त्या दिवशी मोटर सुरू, मोरीत ड्रम भरणं, आणि ट्रे मोरीतच.

आत काय घालायचं? बेंटोनाइट नावाच्या मातीचं लिटर, म्हणजे ओली झाली की गोळा होणारी ट्रेची तयार वाळू, बारीक, बिनवासाची. लव्हेंडर-गुलाबाचा वास आपल्या नाकासाठी असतो. खर्च जमत नसेल तर बोरी नदीची बारीक वाळू चाळून, धुऊन, कडक उन्हात वाळवून दीड-दोन इंच पसरा. शेतातली काळी माती नको. बेंटोनाइटसारखीच तीही पाणी पिऊन फुगते, पण पंजांना लगदा होऊन चिकटते आणि मग घरभर ठसे. वाळू बदलायची तर एकदम बदलू नका, जुन्यात थोडी थोडी नवी मिसळत जा. रोज घाण काढायची, आठवड्याला साध्या साबणानं ट्रे धुवायचा. फिनाइल नको. ते मांजराच्या अंगाला विषारी आहे, आणि पंजे चाटले की पोटात जातं.

पाणी. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्यामुळे त्याला तहान कमी लागते आणि लघवी दाट होते. उन्हाळ्यात नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलेल्या मांजराच्या मूत्राशयाचं काय होत असेल ते बघा. घरात तीन-चार ठिकाणी पसरट मातीच्या भांड्यांत पाणी ठेवा, ट्रेपासून लांब. दाणे भिजवून द्या. चिकन उकडलेलं पाणी चालतं, पण त्यात मीठ, कांदा, लसूण अजिबात नको, म्हणजे आपला रस्सा बाद. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही.

तब्येत ठीक, ट्रे ठीक, तरी चालूच असेल तर कॅलेंडर बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधले जातात, घरात दहा पोरं नाचतात आणि मांजराच्या झोपायच्या जागेवर कुणाची तरी बॅग असते. श्रावणात कानबाईच्या सणाआधी घर धुऊन-रंगवून निघतं, त्याच्या खुणेचा वास असलेला प्रत्येक कोपरा पुसला जातो. दिवाळीला फटाके. अशा दिवसांत एक खोली, निदान कपाटावरची एक जागा, त्याची राहू द्या, ट्रे आणि पाणी जवळ ठेवा, जेवणाची वेळ चुकवू नका. नाक डागात घासायचं, चापट मारायची, हे करूच नका. मांजर एवढंच शिकतं की तुमच्यासमोर शू करायची नाही, आणि मग पलंगाखाली जागा शोधतं.

डाग पुसला नाही तर बाकीचं सगळं केलेलं वाया. आपल्या कोरड्या उन्हात गादी दोन दिवस टाकली की वास गेल्यासारखा वाटतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, हवा दमट होते आणि तोच वास परत येतो, कारण शूमधलं युरिक ॲसिड स्फटिक होऊन कापसात बसलेलं असतं. साबणानं ते निघत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमचं क्लीनर मिळतं, ते डागावर ओतून भिजत ठेवायचं, घाईनं पुसायचं नाही. ब्लीच ओतू नका. शूमधल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. कापूस आतपर्यंत भिजला असेल तर सरळ खोळ उसवून तेवढा काढून टाका.

जुने डाग दिसत नाहीत, त्यासाठी शेजारच्या किराणावाल्या काकांकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा मागून आणा. रात्री खोली अंधारी करून फरशीच्या कडेनं धरा, शूचे डाग पिवळट-हिरवट चमकतात. पांढरं अस्तर आणि धुतलेल्या चादरी निळ्या-पांढऱ्या उजळतील, त्याला घाबरू नका, ती धुण्याच्या पावडरीची चमक. भिंतीच्या खालच्या कडेला ओघळ दिसले तर वर सांगितलेल्या फवाऱ्याकडे परत जा.

बाळंतपणाला लेक माहेरी आली असेल तर तिला ट्रेला हात लावू देऊ नका. मांजराच्या शीतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा, पोटातल्या बाळाला अपाय करणारा परजीवी जाऊ शकतो, आणि तो संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो. म्हणून तेवढे महिने ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करायचा. आमच्याकडे हे काम सासूबाईंनी घेतलं, बंड्याला शिव्या देत देत.