ओव्हरराइड करायचे होते, ओव्हरलोड झाले: जावामध्ये उपक्लासची मेथड कशी लिहावी

जावामध्ये मूळ क्लासची मेथड उपक्लासमध्ये त्याच नावाने लिहिताना पॅरामीटरांची संख्या, प्रकार आणि क्रम जसाच्या तसा ठेवला, तर ओव्हरराइडिंग होते, म्हणजे उपक्लासची मेथड मूळ मेथडची जागा घेते. त्यांत काहीही बदलले, तर ओव्हरलोडिंग होते, म्हणजे त्याच नावाची आणखी एक वेगळी मेथड तयार होते. व्याख्या पाठ असूनही लिहिताना गल्लत होते, कारण नको तिथे ओव्हरलोडिंग झाले तरी कंपायलर अवाक्षर काढत नाही.

समजा, ‘खाते’ या क्लासमधील ‘शुल्क’ ही मेथड डबल (दशांश संख्येचा) प्रकारची रक्कम घेते आणि तिचे दोन टक्के परत करते. ‘बचतखाते’ या उपक्लासमध्ये शुल्क माफ आहे, म्हणून आपण तिथे शून्य परत करणारी ‘शुल्क’ मेथड लिहितो. मात्र पॅरामीटर डबलऐवजी इंट (पूर्णांकाचा प्रकार) ठेवतो. आता बचतखात्याचा ऑब्जेक्ट ‘खाते’ प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून 500 ही रक्कम द्यावी: उत्तर 0 नव्हे, 10 येते. तोच ऑब्जेक्ट ‘बचतखाते’ प्रकारच्या व्हेरिएबलमधून वापरला, तर मात्र 0 येते. ग्राहकाचे शुल्क व्हेरिएबलच्या प्रकारावर ठरावे, हे कोणालाही मान्य होणार नाही.

असे घडते, कारण मेथडची निवड दोन टप्प्यांत होते. कंपाइल होताना व्हेरिएबलचा घोषित प्रकार आणि दिलेल्या किमतींचे प्रकार पाहून कोणत्या पॅरामीटरांची मेथड बोलवायची, ते पक्के होते. प्रोग्राम चालताना प्रत्यक्ष ऑब्जेक्ट पाहून त्याच पॅरामीटरांच्या मेथडचा कोणता मजकूर चालवायचा, एवढेच ठरते. वरील उदाहरणात पहिल्या टप्प्यावर कंपायलरला ‘खाते’मधील डबलची मेथडच दिसली, आणि उपक्लासने ती ओव्हरराइड केलेली नसल्यामुळे दुसऱ्या टप्प्यावर मूळ मजकूरच चालला.

म्हणून ओव्हरराइड करायच्या प्रत्येक मेथडच्या वर @ओव्हरराइड हे ॲनोटेशन, म्हणजे कंपायलरसाठीची खूण, लिहावे. 2004 साली जावा 5 मध्ये आलेले हे ॲनोटेशन सक्तीचे नाही, पण माझ्या मते ते ऐच्छिक समजूच नये. वरच्या इंटच्या मेथडवर ते लिहिताच कंपायलर चूक दाखवतो. पॅरामीटर डबल केला की दोन्ही व्हेरिएबलांतून 0 मिळते. तपासणी करताना मेथड मूळ क्लासच्या व्हेरिएबलमधून अवश्य बोलवून पाहावी, कारण दोष तिथेच उघडा पडतो.

हीच चूक दोन ऑब्जेक्ट समान आहेत का हे सांगणारी ‘इक्वल्स’ मेथड लिहिताना सर्वाधिक छळते. दोन खात्यांचे क्रमांक ताडून पाहण्यासाठी पॅरामीटर ‘खाते’ प्रकारचा घेतला, तर थेट तुलना बरोबर येते, परंतु ॲरेलिस्ट या यादीत एखादी गोष्ट आहे का ते शोधणारी ‘कंटेन्स’ मेथड ‘ऑब्जेक्ट’ (सर्व क्लासचा मूळ क्लास) पॅरामीटरची ‘इक्वल्स’ बोलवते आणि तोच क्रमांक असलेले खाते यादीत असूनही ‘नाही’ सांगते. पॅरामीटर ‘ऑब्जेक्ट’ ठेवावा, आत ‘इन्स्टन्सऑफ’ने प्रकार तपासावा आणि सोबत ‘हॅशकोड’ही ओव्हरराइड करावी, अन्यथा समान गोष्टी एकदाच ठेवणाऱ्या हॅशसेटमध्ये समान खाती दोनदा शिरू शकतात.

काही बंधने लक्षात ठेवावीत. केवळ मेथड परत करते त्या किमतीचा प्रकार बदलून ओव्हरलोडिंग होत नाही. ओव्हरराइड करताना पब्लिक मेथड प्रोटेक्टेड करता येत नाही. प्रायव्हेट, फायनल आणि स्टॅटिक मेथड ओव्हरराइड होत नाहीत. उपक्लासमधील त्याच स्वरूपाची स्टॅटिक मेथड मूळ मेथडला केवळ झाकते.

ओव्हरलोडिंग जाणीवपूर्वक हवे असेल, उदाहरणार्थ रक्कम स्ट्रिंग (अक्षरांची मालिका) म्हणूनही घ्यायची असेल, तर हिशेबाचा नियम तिथे पुन्हा लिहू नये. मूळ क्लासमधील स्ट्रिंगच्या मेथडने रक्कम डबलमध्ये बदलावी आणि डबलचीच ‘शुल्क’ बोलवावी. आतली ही हाकही प्रत्यक्ष ऑब्जेक्टप्रमाणे सोडवली जाते, त्यामुळे ‘बचतखाते’मध्ये डबलची एकच मेथड ओव्हरराइड केली की स्ट्रिंग दिल्यावरही 0 मिळते आणि उपक्लासमध्ये आणखी एक ओळही लिहावी लागत नाही.