वळीव येण्याआधी: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घराची आणि शिवाराची तयारी

जूनमधल्या पावसाची आपल्याला सवय आहे. कणकुंबी-जांबोटीकडे तो ठाण मांडून बसतो, पण येतो तो सांगून. घर शाकारायला, जळण आत घ्यायला वेळ मिळतो. वळवाचं तसं नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारपर्यंत रखरखीत ऊन असतं आणि पाचला गोठ्याचे पत्रे शेजारच्या परड्यात पडलेले असतात. ढग दिसल्यावर हातात जेमतेम अर्धा-पाऊण तास उरतो, म्हणून खरं काम मार्चअखेरीलाच उरकायला हवं.

हा वारा येतो कुठून, ते आधी समजून घ्या. पारा 35 अंशांपुढे गेला की तापलेली हवा वर चढते. अरबी समुद्रावरची दमट हवा तिला मिळाली की ढग 12 ते 15 किलोमीटर उंच वाढतो. त्यातला पाऊस आणि गारा खाली येऊ लागल्या की सोबतची हवा गार आणि जड होऊन कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. पावसाआधी धुरळा घेऊन येणारा गार वारा तो हाच. मेक्सिको, क्युबासारख्या उष्ण देशांवर हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची शेकडो किलोमीटर लांब आघाडी उतरते आणि तिचा अंदाज काही दिवस आधी बांधता येतो. आपला गार वारा मात्र एकेका ढगाचा असतो. त्यामुळे वडगावात झाडं पडली तरी येळ्ळूर कोरडं राहू शकतं.

पहिलं काम छपराचं

वारा पत्र्याला नुसता ढकलत नाही, उचलतो. छपरावरून वेगाने जाणारी हवा पत्र्याला वर ओढते आणि वळचणीतून किंवा उघड्या दारातून आत शिरलेली हवा खालून रेटते. म्हणून सगळ्यात आधी कडेचा पत्रा जातो आणि त्याच्यामागून बाकीचे. शिडी लावून कडेची ओळ आणि आढ्याजवळची ओळ हाताने तपासा. बोल्टभोवतीचं रबरी वॉशर बोटाने दाबून पाहा. उन्हाने कडक होऊन तडकलं असेल तर तिथून पाणी गळणार आणि पत्राही हलणार. भोक मोठं झालं असेल तर नुसता बोल्ट आवळून भागत नाही. रुंद वॉशर घाला किंवा शेजारी नवीन भोक पाडा. कडेच्या ओळीत बोल्ट नेहमीपेक्षा जवळजवळ घ्या.

पत्र्यावर दगड ठेवायची पद्धत गावोगाव आहे. ती सोडाच. पत्रा उचकटला की तेच दगड माणसांवर येतात. दुसरा इलाज नसेल तर वाळूची पोती दोन-दोन जोडून आढ्याच्या दोन्ही बाजूंना टाका आणि दोर खाली वाशाला बांधा. कौलारू घरात फुटकी कौलं बदला. थोडी जादा आणून ठेवा, कारण वळवानंतर सगळं गाव एकदमच कौलं शोधत असतं.

झाडं आणि तारा

घरावर झुकलेल्या वाळक्या फांद्या मार्चमध्येच उतरवा. विजेच्या तारेला लागलेली फांदी मात्र स्वतः तोडायची नाही. हेस्कॉमला कळवा, 1912 वर तक्रार नोंदवा आणि लाइनमन वीज बंद करून आल्यावरच कोयता चालवा.

शिवारात

गवताची गंजी झाका आणि ताडपत्री दगडाने दाबण्याऐवजी दोराने बांधा. वीटभट्टीवाल्यांनी कच्च्या विटांच्या थराशेजारी प्लॅस्टिक उघडूनच ठेवावं. पहिला शिडकावा पडल्यावर ते शोधत बसलं तर महिन्याची मेहनत चिखल होते. पाडाला आलेले आंबे उतरवून घ्या. लग्नाच्या मांडवाचं कापड वारा सुटण्याआधी सोडलं तर सांगाडा वाचण्याची शक्यता खूप वाढते. पाहुणे काय म्हणतील, याचा विचार तेव्हा करू नका.

ढगावर नजर

सीमाभागात एक गोष्ट हमखास राहून जाते. बेळगाव जिल्ह्याचा इशारा हवामान खात्याच्या बेंगळुरू केंद्राकडून येतो, तर कोल्हापूर जिल्ह्याचा मुंबईहून. निपाणीकराने कागलचा आणि उचगावकराने चंदगडचाही इशारा पाहावा, ढग काही हद्द पाहून थांबत नाही. हवामान खात्याच्या संकेतस्थळावर गोव्याच्या रडारचं चित्र मिळतं. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने दोन चित्रं पाहिली की ढग कुठल्या दिशेला सरकतोय ते कळतं. विजेसाठी मोबाइलवर दामिनी ॲप घ्या. ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलं आहे.

गडगडाट सुरू झाला की

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर काम टाकून पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जा. शेतातली चार खांबांवरची उघडी शेड सुरक्षित नाही आणि आंब्याखाली तर मुळीच थांबू नका. गुरांनाही झाडाखाली बांधू नका, गोठ्यात घ्या. पंपाच्या स्टार्टरला हात लावायचा नाही. टीव्ही आणि वायफायचे प्लग ढग लांब असतानाच काढा, वीज डोक्यावर आल्यावर नाही. घराची वाऱ्याकडची दारं-खिडक्या लावून घ्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा.

कुणावर वीज पडलीच तर त्याला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात करंट उरलेला नसतो. श्वास आणि ठोके थांबले असतील तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

वारा पडल्यावर

अंधारात परड्यात जाऊ नका. तुटलेली तार ओल्या जमिनीवर पडलेली असू शकते. ती दिसली तर माणसं आणि गुरं दहा मीटर लांब ठेवा आणि हेस्कॉमला कळवा.

नुकसान झालं असेल तर आवरायला घेण्याआधी फोटो काढा. एक लांबून, घर ओळखू येईल असा, आणि बाकीचे जवळून. मग तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. पीक विमा उतरवलेला असेल तर गारपिटीचं नुकसान 72 तासांत कळवावं लागतं. अर्ज कन्नडमध्ये भरावा लागला तर लिहून देणाऱ्याकडून तो आधी मराठीत समजून घ्या. सर्व्हे नंबर आणि क्षेत्र उताऱ्याशी जुळवा, सही त्यानंतरच करा आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच मागून घ्या.