टाइम ट्रायलला, म्हणजे ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत लावायला, गाडी नेताय? आधी ब्रेक बघा

आमच्या जालन्यात गाडी तयार करायची म्हटलं की पोरं आधी सायलेन्सर बदलतात. नुसता आवाज! पहिला खर्च ब्रेक ऑइलवर करा. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेलं १५५च्या आसपासच उकळू शकतं. मग त्यात बुडबुडे होतात अन् पेडल थेट खाली बसतं. चारही चाकांचं ब्लीडिंग, म्हणजे जुनं ऑइल अन् हवा काढून नवं भरणं, करून घ्या.

टायरची हवा थंडपणी मोजा, फेरीहून आल्या आल्या परत मोजा, वाढलेली सोडा. डिकी रिकामी.

ट्रॅकवर जोराचा ब्रेक स्टिअरिंग सरळ असतानाच. नजर पुढच्या वळणावर, बोनेटवर नाही. शेवटची फेरी निवांत मारा. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, तापलेले पॅड चिकटतात. चाकाला वीट लावा.