होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान कसे पाहावे

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील बिआट्रिस गावाजवळच्या या उद्यानात प्रवेश विनामूल्य आहे. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार, पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्यास १६० एकर जमीन नाममात्र शुल्कात मिळत असे. या कायद्याखालील पहिल्या दावेदारांपैकी एक असलेल्या डॅनियल फ्रीमन याने १ जानेवारी १८६३ रोजी दावा नोंदवलेली जमीन ती हीच. प्रथम नांगराच्या आकाराचे छप्पर असलेले हेरिटेज सेंटर हे संग्रहालय पाहावे आणि फुकट वाटलेली ही जमीन मुळात आदिवासी समाजांची होती, हे विसरू नये. नंतर १८६७ सालचे ओंडक्यांचे घर पाहावे. एवढ्याशा खोलीत अख्खे कुटुंब हिवाळा काढत असे, यावर सहजी विश्वास बसत नाही. उंच गवताची पायवाट उन्हाळ्याअखेरीस चालावी, मात्र गोचिडांमुळे पाय पूर्ण झाकणारे कपडे घालावेत. फ्रीमन शाळा ही जुनी एका खोलीची शाळा थोडी दूर आहे.