स्कायरिमविषयीचे आपले मत इतर खेळाडूंच्या उपयोगी पडेल असे कसे मांडावे

‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ हा काल्पनिक जगात मुक्तपणे भटकू देणारा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला आणि त्यावरून खेळाडूंमध्ये होणारे वाद अजूनही थांबलेले नाहीत. जादूगार होऊन खेळण्यात काही राम नाही असे एक जण ठामपणे सांगतो, तर त्याइतके सोपे दुसरे काहीच नाही असे दुसरा शपथेवर सांगतो, आणि बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात. सुरुवातीच्या हेल्गेन गावातून जीव वाचवून बाहेर पडल्यानंतर पुढे कुठे जावे हे गेम सुचवतो, पण त्याची सक्ती करत नाही. त्यामुळे पन्नास तासांनंतर दोन खेळाडूंच्या हाती जे उरते ते जवळजवळ दोन वेगळे गेम असतात. म्हणून मत सांगण्याआधी आपण कोणत्या वाटेने तिथवर पोहोचलो हे सांगावे.

सर्वप्रथम आपण कोणती आवृत्ती, कोणत्या यंत्रावर खेळलो ते पहिल्याच वाक्यात लिहावे. २०११ ची मूळ आवृत्ती, ऑक्टोबर २०१६ मधील स्पेशल एडिशन आणि नोव्हेंबर २०२१ मधील अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन यांत बराच फरक आहे. मूळ आवृत्तीत प्लेस्टेशन ३ वर सेव्ह फाइल जसजशी फुगत जाई तसतसा गेम रखडू लागे. ही तक्रार तेव्हा अगदी रास्त होती, पण आज स्पेशल एडिशन घेणाऱ्याला ती ऐकवून उपयोग नाही. क्रॉसबो मिळत नाही म्हणून हैराण झालेल्या माणसाकडे ‘डॉनगार्ड’ ही पुरवणी आहे की नाही, हेही आधी विचारायला हवे, कारण ते शस्त्र तिच्यासोबतच आले. मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) वापरले असल्यास निदान मोठ्या मॉडची नावे द्यावीत. ‘माझ्याकडे तर असा बग कधी आलाच नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या कित्येकांनी खेळाडूंनीच तयार केलेला दुरुस्तीचा पॅच पहिल्या दिवशीच बसवलेला असतो.

यानंतरची माहिती बहुतेक जण विसरतात, आणि सर्वांत जास्त भांडणे तिच्यावरूनच होतात : काठिण्याची पातळी. गेममध्ये नॉव्हिस, अ‍ॅप्रेंटिस, अ‍ॅडेप्ट, एक्सपर्ट, मास्टर आणि लेजेंडरी अशा सहा पातळ्या आहेत. त्यांतील लेजेंडरी २०१३ च्या अपडेटमध्ये आली. अ‍ॅडेप्टवर आपला घाव आणि शत्रूचा घाव जसाच्या तसा मोजला जातो. लेजेंडरीवर मात्र आपला घाव पाव होतो आणि शत्रूचा तिप्पट. आता मघाचे जादूचे भांडण पाहावे. तलवारीचा मार कौशल्याबरोबर वाढतो, त्यावर पर्क (निवडून घ्यायच्या खास क्षमता) चढतात, सहाणेवर तिला धार लावता येते, वर एन्चान्टमेंटही (जादूचा संस्कार) करता येते. डिस्ट्रक्शन या मारक जादूचे तसे नाही : कौशल्य वाढले की मंत्राला लागणारी मॅजिका (जादूची शक्ती) कमी होते, पण मंत्राचा मार त्यामुळे वाढत नाही, तो पर्कमुळे काही प्रमाणात वाढतो आणि औषधाचा असर असेपर्यंत आणखी थोडा. म्हणून अ‍ॅडेप्टवर खेळणारा जादूगार पात्राची लेव्हल वाढल्यावरही सुखाने नांदतो, आणि लेजेंडरीवरचा जादूगार त्याच फायरबॉलने एका ड्रॉगरला (थडग्यातून उठलेल्या मुडद्याला) मारता मारता घामाघूम होतो. ‘डिस्ट्रक्शन कमकुवत आहे’ हे वाक्य पातळी न सांगता लिहिले तर निरर्थक आहे. ‘लेजेंडरीवर, चाळिसाव्या लेव्हलनंतर, औषधे न वापरता कमकुवत वाटले’ असे लिहिले तर वाचणारा त्यावरून निर्णय घेऊ शकतो.

आपण कसा खेळाडू उभा केला हेही याच ओघात सांगावे. एकूण अठरा कौशल्यांपैकी कोणत्या चार-पाचांवर पर्क खर्च केले एवढे पुरेसे आहे. संपूर्ण वंशावळ नको. येथे एक कबुली देणे भाग आहे. मी तीन वेळा गेम नव्याने सुरू केला, एकदा ढाल-तलवारवाला, एकदा जादूगार, एकदा दोन हातांनी कुऱ्हाड चालवणारा, आणि तिन्ही वेळा विसाव्या लेव्हलच्या सुमारास अंधारात वाकून बाण मारणारा चोर झालो. हा रोग इतका सर्वत्र आहे की त्याची टिंगल हा स्कायरिमच्या खेळाडूंचा जुना विरंगुळा आहे. त्यामागे कारण मात्र आहे. लपून मारलेल्या बाणाचा मार पर्क नसतानाही दुप्पट होतो, पर्क घेतल्यावर तिप्पट, आणि शत्रू जवळ पोहोचण्याआधीच गारद होतो. तेव्हा ‘लढाया फार सोप्या वाटल्या’ असे लिहिताना आपण लढलो की लपून राहिलो, हे प्रामाणिकपणे नोंदवावे.

कथानकाविषयी मत देताना घटना कोणत्या क्रमाने समोर आल्या ते सांगावे. ज्यांना शहरांतील पहिले प्रसंग स्वतःच पाहायचे आहेत त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावे. स्टॉर्मक्लोक (बंडखोर) की इम्पीरियल (साम्राज्याची बाजू), हा या गेममधील सर्वांत चिवट वाद आहे. सुरुवातीलाच इम्पीरियल सैनिक आपले मुंडके उडवायला निघालेले असतात, त्यामुळे अनेकांचा कल तिथेच ठरतो. पुढे जो पहिल्यांदा सॉलिट्यूडच्या वेशीतून आत शिरतो, त्याच्यासमोर बंडखोरांचा नेता उल्फ्रिक याला दरवाजा उघडून देणाऱ्या रॉगव्हिरचा शिरच्छेद होतो. जो आधी विंडहेल्मला जातो, त्याला वेशीच्या आत शिरताच एका डार्क एल्फ स्त्रीला धमकावणारे स्थानिक नॉर्ड दिसतात. एकाला साम्राज्य क्रूर वाटते, दुसऱ्याला बंडखोर वंशद्वेष्टे वाटतात, आणि दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगितलेले असते. थाल्मोर या एल्फ राजवटीच्या वकिलातीतील उल्फ्रिकविषयीची कागदपत्रे ज्याने वाचली आहेत त्याचे मत आणखी तिसरेच असते. ‘मी आधी विंडहेल्मला गेलो, कागदपत्रे फार उशिरा हाती लागली’ एवढी एक ओळ लिहिली तरी वादाला चर्चेचे रूप येते.

पुढचा काही भाग उघड करणे अटळ असेल तर त्याची सूचना त्या वाक्याच्या आधी द्यावी, नंतर नव्हे, आणि शीर्षकात तर मुळीच उघड करू नये. गेमला एवढी वर्षे झाली, आता कसले रहस्य, हा युक्तिवाद मला पटत नाही. कोणीतरी आज रात्रीच रिव्हरवुडला, म्हणजे सुरुवातीच्याच गावी, पोहोचत असतो. पार्थुर्नाक्स या पात्राविषयी ब्लेड्स ही संघटना जी मागणी करते, ती न सांगताही ‘त्या मागणीपाशी मी दोन दिवस गेम बंद ठेवला’ असे लिहिता येते, आणि ज्याला कळायचे त्याला ते कळते.

बग आणि गेमची रचना यांत गल्लत करू नये. राक्षसाच्या सोट्याचा फटका बसून खेळाडू आकाशात भिरकावला जाणे, किंवा दुकानदाराच्या डोक्यावर बादली ठेवली की त्याला चोरी न दिसणे, हे गमतीचे किस्से आहेत. ते जरूर सांगावेत. पण क्वेस्ट (गेममधील कामगिरी) अडकून पडली असेल तर क्वेस्टचे नाव, शेवटी पूर्ण झालेला टप्पा आणि आधीचा सेव्ह उघडल्यावर काय झाले, या तीन गोष्टी लिहाव्यात. एकाच छापाची कामे पुन्हा पुन्हा येतात ही तक्रार बगची नसून रेडियंट क्वेस्टच्या रचनेविषयीची आहे : ती कामे गेम स्वतःच अखंड तयार करत राहतो, संपणे त्यांच्या नशिबात नाही.

मराठीत लिहिताना एक पथ्य पाळावे. ठिकाणांची, मंत्रांची आणि क्वेस्टची नावे भाषांतरित न करता देवनागरीत जशीच्या तशी द्यावीत. एका मित्राने मला ‘उजाड धबधब्याच्या थडग्यात’ सोन्याचा पंजा मिळतो असे कळवले होते, आणि तो ब्लीक फॉल्स बॅरोविषयी बोलतो आहे हे लक्षात येईपर्यंत मी नकाशावरचे अर्धे धबधबे पालथे घातले होते. बाकीचे वर्णन मात्र खुशाल आपल्या मराठीत करावे. डोंगरावरच्या हाय ह्रोथगार मठाच्या सात हजार पायऱ्या चढताना ज्याला गडाची वाट आठवली, त्याने तसेच लिहावे.

लिहून झाल्यावर खेळाचे तास आणि तारीख नोंदवावी. पुढे मत बदलले तर जुने खोडू नये. त्याखाली नवी तारीख घालून नवे मत लिहावे. दहा तासांनंतर मी ‘व्हाइटरन शहराच्या पलीकडे पाहण्यासारखे काही नाही’ असे लिहून ठेवले होते. त्याखालची दुसरी नोंद एकशे साठाव्या तासाची आहे, आणि तोवर माझे मार्कार्थ शहर अजून पाहून झाले नव्हते.