'कसनुसं' म्हणजे नेमके काय? वैद्यकीय शिक्षणातील संशोधनाकडे वळणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

"दुकत नाही रे लेकरा, छातीत कसनुसं होऊलालंय." साठी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या एका आजींनी केस घ्यायला बसलेल्या विद्यार्थ्याला असे सांगितले आणि त्याने वहीत इंग्रजीत नोंद केली की छातीत दुखत नाही. त्याची नोंद शब्दशः खोटी नव्हती, कारण आजी खरोखरच 'दुखत नाही' असे म्हणाल्या होत्या. राउंडच्या वेळी मी आजींजवळ बसून पुन्हा विचारले, तेव्हा हे कसनुसं शेतातून घरी चालत येताना सुरू होते, बांधावर टेकले की थांबते आणि त्या वेळी घाम सुटतो, असे एकेक पुढे आले. ईसीजीनेही त्याला दुजोरा दिला. विद्यार्थी कोकणातला होता, अभ्यासू होता आणि हृदयविकाराची लक्षणे त्याला तोंडपाठ होती. मधुमेही रुग्णाला, विशेषतः स्त्रियांना, अशा वेळी नेहमीसारखी कळ येईलच असे नाही, हेही त्याने वाचलेले होते. मात्र ते वाचलेले आणि आजींचे 'कसनुसं' यांची गाठ त्याच्या मनात पडली नव्हती.

मराठवाड्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात शिकवताना माझ्या हाती लागलेला संशोधनाचा पहिला खरा प्रश्न हा होता. दुर्दैवाने तो मला दुसऱ्या खेपेला सापडला. वैद्यकीय शिक्षणात संशोधन करू इच्छिणारे साहाय्यक प्राध्यापक आणि रेसिडेंट डॉक्टर मला विचारतात की विषय कुठून आणायचा, तेव्हा परदेशी नियतकालिके चाळण्याआधी आपल्याच विद्यार्थ्याची वही वाचावी, असे मी त्यांना सांगते. नियतकालिके वाचायचीच आहेत, पण हातात प्रश्न असेल तरच ती नीट वाचली जातात.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. आपल्याकडे २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा तो काय करू शकतो याला महत्त्व आले, पहिल्या वर्षापासून रुग्णाशी संबंध आला, संवाद आणि नीतिमत्ता शिकवण्यासाठी स्वतंत्र तास आले आणि लॉगबुक, म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या कामाची नोंदवही, आली. पुढच्याच वर्षी भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. या बदलामागचा विचार मात्र जुना आहे. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात दाखवल्या जातात: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. आमचा कोकणातला विद्यार्थी पहिल्या दोन पायऱ्यांवर भक्कम उभा होता आणि आपली बहुतेक लेखी परीक्षा त्याच दोन पायऱ्यांवर संपते.

माझ्या पहिल्या प्रयत्नाविषयी सविस्तर लिहिते, कारण तीच चूक मी आजही दर वर्षी नव्या प्रस्तावांत पाहते. व्याख्यानाऐवजी लहान गटात प्रकरण देऊन शिकवण्याची पद्धत मी एका विषयासाठी वापरली. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये सुरू झालेल्या समस्याधारित अध्यापनाचाच तो एक साधा अवतार होता. तासापूर्वी वीस प्रश्नांची चाचणी घेतली, तास झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घेतली आणि शेवटी 'ही पद्धत आपल्याला आवडली का' असा अभिप्राय भरून घेतला. गुण वाढले आणि बहुतेकांना पद्धत आवडली. मी लेख लिहून पाठवला आणि तो परत आला. परीक्षकाने तीन गोष्टी विचारल्या होत्या: त्याच तासाला साधे व्याख्यान झाले असते तर गुण वाढले नसते का, तेच प्रश्न दुसऱ्यांदा सोडवल्यामुळे ते किती वाढले, आणि तीन महिन्यांनी काय उरले? माझ्याकडे यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते आणि तीन महिने उलटून गेलेले असल्यामुळे ते मिळण्याची सोयही राहिली नव्हती.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने एकदा वाचून तो आठवून लिहिण्याचा सराव केला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारा गट पुढे होता. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारा गट पुढे गेला. म्हणजे तास संपताच घेतलेली चाचणी केवळ अपुरी ठरते असे नाही, तर ती उलटा निष्कर्षही देऊ शकते. आपल्या भागात बारावीला चाचण्यांच्या भरवशावर घडलेली मुले-मुली आपल्यासमोर बसलेली असतात. लातूर पॅटर्नचे, म्हणजे लातूरच्या महाविद्यालयांनी रुजवलेल्या सततच्या सराव-चाचण्यांच्या पद्धतीचे, पुष्कळसे बळ वारंवार आठवून लिहिण्याच्या सरावातच होते, असे माझे मत आहे. तीच मुले एमबीबीएसला आल्यावर परीक्षेच्या आदल्या रात्री ठळक ओळींखाली रेघा मारत वाचत बसतात. असे का होते, यावर आपल्याकडे कोणीतरी नीट अभ्यास करायला हवा.

त्या पहिल्या प्रयत्नात आणखी एक दोष होता आणि तो अधिक गंभीर होता. अभिप्रायाच्या कागदावर मी रोल नंबर लिहून घेतला होता आणि सहा महिन्यांनी त्याच विद्यार्थ्यांची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, मीच घेणार होते. अशा स्थितीत 'मॅडम, पद्धत आवडली नाही' असे कोण लिहील? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थ्यांना दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटांत धरतात, ते योग्यच आहे. अध्यापनपद्धतींची तुलना करणाऱ्या काही अभ्यासांना पूर्ण परीक्षणातून सूट मिळू शकते, हे खरे आहे. पण सूट द्यायची की नाही हे एथिक्स कमिटी ठरवते, आपण नव्हे, आणि तेही विदा (अभ्यासासाठीची माहिती, डेटा) गोळा करण्याआधी. संमतीपत्रे आपल्या हातात न येता दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याने गोळा करावीत, कागदावर नाव नसावे, आणि भाग न घेणाऱ्याला तोच पाठ तितक्याच आस्थेने मिळावा, एवढी व्यवस्था प्रस्तावातच लिहून ठेवावी.

आजींच्या प्रसंगानंतर मी वॉर्डात एक दोनशेपानी वही ठेवली. रुग्णाने वापरलेला शब्द, त्याचे गाव किंवा तालुका, आणि नीट विचारपूस केल्यावर निघालेला अर्थ, असे तीन रकाने आखून दिले. विद्यार्थ्यांनी ती वही भरायची. पहिल्या पोस्टिंगमध्येच, म्हणजे विद्यार्थ्यांच्या एका तुकडीच्या वॉर्डातील पाळीतच, 'चमक', 'भरून येणे', 'जीव घाबरा होणे', 'दम लागूलालाय' असे शब्द आले. एकाच 'चमक' शब्दाने एक जण बरगडीतले स्नायूंचे दुखणे सांगत होता, तर दुसरा छातीतून डाव्या हातात जाणारी कळ. स्त्रीरोग विभागातून आलेल्या विद्यार्थिनींनी 'अंग' या शब्दासाठी स्वतंत्र पानच घेतले. अंगावरून जाणे, अंगावर पाजणे, अंग बाहेर येणे आणि दुखणे अंगावर काढणे, ही चार निरनिराळी वाक्ये परभाषक विद्यार्थ्याला एकसारखी ऐकू येतात. अखिल भारतीय कोट्यातून १५ टक्के विद्यार्थी येतात आणि ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के इतर विभागांना देणारी प्रादेशिक ७०:३० पद्धत २०२० मध्ये रद्द झाल्यापासून राज्याच्या सर्व भागांतील मुले आपल्याकडे येतात. शब्द अडतो तो केवळ अमराठी मुलांचा, असे मात्र समजू नये. संभाजीनगरच्या इंग्रजी शाळेतून आलेली मुलगीही 'होऊलालंय' ऐकून थबकते.

वही भरत गेली तरी ते संशोधन नव्हते. प्रश्न असा घडवावा लागला: रुग्णाच्या बोलीतील शब्दांवर दोन तासांचा सराव दिल्यास विद्यार्थी योग्य उपप्रश्न विचारतात का, आणि ती सवय पुढच्या पोस्टिंगपर्यंत टिकते का? याचे मोजमाप लेखी प्रश्नाने होत नाही. त्यासाठी ओस्कीचे स्टेशन लागते; ओस्की म्हणजे ठरावीक वेळेत एकेका टेबलावर (स्टेशनवर) एकेक काम करून दाखवण्याची प्रात्यक्षिक परीक्षा. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हाचा हेतू हाच होता की प्रत्येक विद्यार्थ्यासमोर तोच रुग्ण, तोच वेळ आणि तीच तपासणी यादी असावी. रुग्णाची भूमिका वठवण्यासाठी आम्ही आधी इंटर्न घेतले, आणि ते फसले. इंटर्नला उत्तर ठाऊक असल्यामुळे तो नकळत पुस्तकी भाषेत बोलू लागला. मग रुग्णालयातच काम करणाऱ्या, औसा तालुक्यातील एका मावशींना विनंती केली. त्यांना आम्ही वाक्ये पाठ करायला दिली नाहीत. त्रास कसा होतो ते समजावून दिले आणि 'तुमच्या घरी सांगाल तसे सांगा' एवढेच म्हटले. विचारल्याशिवाय घामाविषयी बोलायचे नाही, ही एकच अट घातली.

तपासणी यादी करायला मला सर्वाधिक वेळ लागला आणि नव्यांनीही तो द्यावा. 'छातीच्या त्रासाविषयी नीट विचारले' अशी ओळ यादीत असेल, तर दोन परीक्षक दोन वेगळे गुण देतील. तिच्या जागी 'त्रास कशाने वाढतो ते विचारले', 'कशाने थांबतो ते विचारले', 'रुग्णाचा शब्द उच्चारून त्याचा अर्थ तिच्याकडूनच समजून घेतला' अशा, होय किंवा नाही असेच उत्तर येणाऱ्या ओळी लागतात. दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता गुण द्यावेत आणि त्यांच्यात कितपत एकमत आहे हे काढावे. त्यासाठी संख्याशास्त्राची मदत पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागात मिळते, परंतु ती विदा गोळा झाल्यावर नव्हे, तर प्रस्ताव लिहिताना घ्यावी. आमच्या पहिल्या चाचपणीत 'अर्थ समजून घेतला' याच ओळीवर परीक्षक सतत वेगळे पडले, आणि ती ओळ आम्हाला तीनदा बदलावी लागली.

आता अडचणींविषयी. देशात २०१४ मध्ये एमबीबीएसच्या सुमारे ५१ हजार जागा होत्या. दहा वर्षांत त्या दुपटीहून अधिक झाल्या. संभाजीनगरचे महाविद्यालय १९५६ चे, नांदेडचे १९८८ चे, लातूरचे २००२ चे. मात्र धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोली येथील शासकीय महाविद्यालये अवघ्या काही वर्षांत सुरू झाली. जिल्ह्यातच डॉक्टर घडणे ही चांगली गोष्ट आहे. पण शिक्षकांची संख्या त्या वेगाने वाढलेली नाही, आणि लहान गटात शिकवण्याची अपेक्षा असलेला अभ्यासक्रम मोठ्या तुकडीवर राबवताना एका खाटेभोवती वीस विद्यार्थी उभे राहतात. त्यांतील तीन बोलतात. म्हणूनच नव्याने आलेल्यांनी महागड्या सिम्युलेटरवरचा विषय निवडण्यापेक्षा, खाटेभोवतीच्या उरलेल्या सतरा जणांचे काय करायचे, हा विषय घ्यावा असे मला मनापासून वाटते. असा अभ्यास कोणी नेटाने केला, तर तो मराठवाड्याबाहेरही वाचला जाईल.

लॉगबुकातील चिंतनपर लेखनाचा प्रश्न अलीकडचा आहे. पूर्वी ते एकमेकांचे पाहून उतरवले जाई. आता चॅटजीपीटीकडून लिहून घेतले जाते, आणि चाळीस विद्यार्थ्यांना एकाच दिवशी रुग्णाविषयी एकसारखी सहानुभूती वाटलेली दिसते. मुलांना दोष देऊन हे थांबणार नाही. मी तीनच वाक्ये, हाताने, खाटेजवळच लिहायला सांगते आणि त्यांत रुग्णाचे एक वाक्य जसेच्या तसे असावे असा आग्रह धरते. त्याने खरोखर फरक पडतो का, हे मी अद्याप मोजलेले नाही. ज्या कोणाला विषय हवा असेल त्याने हा घ्यावा.

एका बाबतीत मात्र नव्यांना थांबवावेसे वाटते. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर प्रश्नावली वाटणे सोपे आहे, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा २०२४ चा अहवाल वाचल्यावर त्या विषयाची निकड पटते. पण आत्महत्येचे विचार येतात का, असा प्रश्न छापून देणाऱ्याने त्याला 'हो' म्हणणाऱ्या मुलाजवळ त्याच दिवशी कोण जाऊन बसेल, हे आधी ठरवलेले असले पाहिजे. मानसोपचार विभागाला बरोबर घेतल्याशिवाय हा विषय हाती घेऊ नये.

सुरुवात करताना आपल्या महाविद्यालयाच्या मेडिकल एज्युकेशन युनिटचा, म्हणजे शिक्षकांना अध्यापनाचे प्रशिक्षण देणाऱ्या विभागाचा, पायाभूत प्रशिक्षणवर्ग आधी करावा. एमबीबीएसचा विद्यार्थी हाताशी घ्यायचा असेल तर आयसीएमआरची, म्हणजे वर आलेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, विद्यार्थ्यांसाठीची अल्पमुदतीची संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. दोन महिन्यांत पुरा होईल एवढाच लहान विषय तिच्यासाठी निवडावा लागतो, आणि ही मर्यादाच नवशिक्याला शिस्त लावते. पदोन्नतीसाठी लेख हवा असतो हे मी जाणते आणि त्यात काही गैर मानत नाही. मात्र पदोन्नतीची तारीख जवळ आल्यावर प्रश्न शोधायला निघू नये, कारण मग तीच वीस प्रश्नांची चाचणी तासाच्या आधी आणि नंतर घेतली जाते.

सध्या आम्ही 'अंगावरून जाणे' या वाक्यावर नवे स्टेशन बसवत आहोत. मावशींचे म्हणणे असे पडले की बाजूला पुरुष विद्यार्थी उभा असेल तर कोणतीही बाई याहून स्पष्ट बोलणार नाही, तेव्हा आधी पडदा ओढायला हवा. तपासणी यादीत ती ओळ नव्हती. ती आता पहिल्या क्रमांकावर घेतली आहे.