वजन कमी करायचंय? मग रात्रीचं जेवण संध्याकाळी पाचलाच सांभाळा

रात्री हलकं जेवा, हे सगळेच सांगतात. पण हलकं म्हणजे नेमकं काय आणि ते रोजच्या रोज जमवायचं कसं हे कुणी धड सांगत नाही, मग लोक वाटीभर सूप पिऊन झोपायला जातात, अकरा वाजता उठून फ्रीज उघडतात आणि आठवड्याच्या आत सगळं सोडून देतात. मी कितीतरी वर्षं घरातल्या सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक करून हे सांभाळतेय, डाएटचं वेगळं काही शिजवत नाही, त्यामुळे खरोखर जमतं तेवढंच इथे लिहितेय.

आधी एक गोष्ट. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्रीचं जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचारा, रात्री साखर एकदम खाली जाऊ शकते आणि ते धोक्याचं असतं. गरोदर बायकांनी, अंगावर पाजणाऱ्या आयांनी हे करूच नये.

ताट

अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. एक मोठी वाटी वरण, आमटी किंवा उसळ, नाहीतर दोन अंडी, नाहीतर माशाचं कालवण. आणि उरलेल्या जागेत एक भाकरी किंवा दोन फुलके किंवा वाटीभर भात, तिन्हीपैकी एकच काहीतरी. झालं.

भात बंद करा म्हणणाऱ्यांचं मला कधीच पटलेलं नाही. ३० ग्रॅम तांदूळ घ्या नाहीतर ३० ग्रॅम कणीक घ्या, दोन्हींत कॅलरी १०० च्या आसपासच असतात. आपल्याकडे अडचण होते ती दोन पोळ्या खाऊन वर 'थोडासा' भात घेतल्याने, आणि तो थोडासा भात कधीच थोडासा नसतो. कोकणातला माणूस रात्री एक वाटी भात, माशाचं कालवण आणि भाजी खाऊन अगदी छान वजन उतरवू शकतो, त्याला ज्वारीची भाकरी खायला लावायची काही गरज नाही.

तेल

किटलीतून थेट कढईत ओतायचं नाही, ५ मिलीच्या चमच्याने मोजून घालायचं. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, साधारण १२० कॅलरी असतात, एका फुलक्यापेक्षा जास्त, आणि त्याने पोट काही भरत नाही. दाण्याचं कूटही असंच, चांगलंच आहे पण मूठ मूठ घालू नका.

संध्याकाळ, इथेच सगळं फिसकटतं

आता खरं कठीण काम. दुपारी एकला डबा खाल्ला आणि घरी जेवायला बसायला नऊ वाजले, म्हणजे मधे आठ तास गेले. त्या आठ तासांत पोटात काय जातं, तर चहा, दोन खारी, कुणाच्या तरी वाढदिवसाचा समोसा, नाहीतर घरी आल्या आल्या डब्यातलं फरसाण. १०० ग्रॅम फरसाणात ५०० च्या वर कॅलरी असतात आणि एवढं सगळं खाऊनही नऊला भूक लागलेलीच असते, ती पण अशी की पहिली पोळी कधी संपली तेही कळत नाही. अशा भुकेल्या माणसाला समोर हलकं ताट ठेवून 'मनावर ताबा ठेव' सांगण्यात काही अर्थ नाही. त्याला पाच वाजता खायला द्यायला हवं होतं. मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळ हाच टप्पा बसवायला लागला, बाकीचं सगळं त्यामानाने सोपं आहे.

तर पाच ते साडेपाचच्या मधे, भूक कडकडून लागायच्या आधी, प्रोटीन असलेलं काहीतरी खायचंच. मूठभर फुटाणे आणि ग्लासभर ताक. किंवा मोड आलेले मूग वाफवून, वर कांदा, लिंबू, मीठ. किंवा एकदोन उकडलेली अंडी. शेंगदाणे चालतील पण मूठभरच, त्यात तेल खूप असतं. नुसतं केळं किंवा सफरचंद खाऊन माझं तरी तासाभरात पोट पुन्हा मागायला लागतं, म्हणून फळ खायचं तर ह्यातल्या एखाद्या पदार्थाबरोबर खा. चहा घ्या ना, चहाशी माझं भांडण नाही, भांडण खारी, बटर आणि टोस्टशी आहे, मैदा आणि स्निग्धाशिवाय त्यात काही नसतं.

आणि हा डबा सकाळीच भरून बॅगेत टाकायचा. 'तिथे काहीतरी मिळेल' ह्यावर अजिबात विसंबू नका, स्टेशनबाहेर मिळतो तो वडापाव.

दोन वेळाच जेवणारे लोक म्हणतील की मधे काही खायचंच नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा आणि ५५ मिनिटांत जेवण उरकायची पद्धत बऱ्याच जणांना मानवते, ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं सारखं खायचं म्हणणंही बऱ्याच जणांना मानवतं, ज्यांना जे जमतंय त्यांनी ते सोडू नये. मी लिहितेय ते ज्यांना ह्यातलं काहीच टिकत नाही आणि रात्री दुप्पट जेवण जातं त्यांच्यासाठी.

ज्यांना घरी यायलाच साडेनऊ होतात, कल्याण, विरारकडची मंडळी, त्यांनी तर जेवणाचे सरळ दोन भाग करावेत. दुसरा छोटा डबा न्यायचा, त्यात एक पोळी आणि उसळ किंवा भाजी, तो साडेसहाला ऑफिसमधेच बसून खायचा आणि घरी आल्यावर फक्त वरण आणि भाजी, नाहीतर मुगाचं कढण, नाहीतर ताकातला पालक. पोळी संध्याकाळीच झालेली आहे, घरी पुन्हा नाही. घरचे म्हणतील की आमच्याबरोबर नीट जेव, तर बसा त्यांच्याबरोबर, वाटी घेऊन बसा. सातनंतर तोंड शिवून घ्या हा सल्ला ज्याची लोकलच सातची आहे त्याच्या काय कामाचा? झोपायच्या आधी दोनेक तास पोट मोकळं राहिलं तरी पुष्कळ झालं.

आता स्वयंपाक करणाऱ्यांसाठी, कारण त्यांचं दुखणं वेगळं असतं. ओट्यापाशी उभं राहून चव बघता बघता, तव्यावरची गरम पोळी नुसतीच तुपाबरोबर खाता खाता अर्धं जेवण तिथेच होतं आणि नंतर सगळ्यांबरोबर परत ताट वाढून घेतलं जातं. ह्यावर माझा उपाय एकच, कुकर लावायच्या आधी काकडी, गाजर, मुळा चिरून ताटली ओट्यावर ठेवायची, हात जायचाच असेल तर तिकडे जाऊ दे. आणि मुलांच्या ताटात उरलेलं बायकांनी खाऊन संपवणं बंद करा, अगदी कळकळीने सांगते. अन्न टाकवत नाही, मलाही टाकवत नाही, पण त्यासाठी मुलांना आधीच कमी वाढा आणि लागलं तर परत वाढा. उरलेली पोळी सकाळी फोडणीची होते, भाताचंही तेच, रात्री दहाला ती तुमच्या पोटात जायलाच हवी असं काही नाही.

प्रमाण बरोबर बसलंय का हे कसं ओळखायचं, तर रात्री ताटावर बसताना भूक असावी पण घाई नसावी. अजिबात भूक नसेल तर पाचचं खाणं कमी करा, घाई होत असेल तर वाढवा. एकदोन आठवडे असं खालीवर करावं लागतं, तेवढं करा.

काय करायचं

ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी, बरोबर कांदा. मुगाच्या डाळीची खिचडी, डाळ आणि तांदूळ सारखेच घेऊन, त्यात दुधी किंवा फ्लॉवर भरपूर, वर तूप एक छोटा चमचा. शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि वाटीभर भात. ताकातलं पिठलं. मटकीची उसळ आणि फुलका. भाजणीचं थालीपीठही चालेल पण एकच, लोण्याचा गोळा न घेता, दह्याबरोबर.

मुगाची धिरडी आमच्याकडे दर आठवड्याला होतात. हिरवे मूग सकाळी भिजत घालायचे, संध्याकाळी आलं, मिरची, जिरं घालून वाटायचे, पीठ डोशाच्या पिठापेक्षा जरा दाट. चिकटतात म्हणून लोक पळीने तेल सोडतात, त्याची गरज नाही. बिडाचा तवा नीट तापू द्यायचा, पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडाला पाहिजे, मग कांदा अर्धा कापून काट्याला टोचायचा, तेलात जेमतेम बुडवून तवाभर घासायचा, आच कमी करून पीठ पसरायचं आणि झाकण ठेवायचं. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. अशी दोन धिरडी, वाटीभर दही आणि टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, एका माणसाचं जेवण झालं.

पाकिटातलं सूप हे जेवण नाही, त्यात मुख्यतः कॉर्नफ्लोअर आणि मीठच असतं. रात्री फक्त फळं खाणं हेही जेवण नाही.

उपवासाच्या दिवशी खिचडीचं ताट भरून घेऊ नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यावर दाणे, तूप आणि बटाटा. वाटीभर वरीचे तांदूळ, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत आणि काकडीची कोशिंबीर, उपवासही होतो आणि पोटही शांत राहतं.

जेवल्यानंतर

ओटा आवरा, दात घासा, पंधरा-वीस मिनिटं चाला. टीव्हीसमोर डबा घेऊन बसायचं नाही.

वजन

आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्यापिण्याआधी. रोज काट्यावर उभं राहून जीव जाळू नका, पाण्यानेच एखादा किलो इकडेतिकडे होतो. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तर उत्तम चाललंय. कंबरेलाही टेप लावा, भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात.

तीन-चार आठवडे काटा हललाच नाही तर जेवण आणखी कमी करू नका. आधी महिन्याचं तेल किती लागलं ते बघा, माणशी महिना अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर पुरायला हवं. त्यापेक्षा जास्त संपत असेल तर कमी करायची जागा तीच.